नकाराची पावती

रेशन दुकानात धान्याची चोरी मुख्यतः दोन तऱ्हांनी होते. नसलेल्या माणसाच्या नावाने कार्ड काढून त्याचे धान्य उचलायचे, ही एक. असलेल्या माणसाला हक्कापेक्षा कमी द्यायचे, म्हणजे वहीत पाच किलो लिहून हातात चार ठेवायचे, ही दुसरी. पहिली चोरी अंगठ्याचा ठसा घेऊन काही प्रमाणात रोखता येते. दुसरी येत नाही, कारण तिथे अंगठा खऱ्याच माणसाचा असतो. खोट असते ती मापात. ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांच्यासारखे अभ्यासक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की गळतीचा मोठा भाग या दुसऱ्या प्रकारचा आहे. तरीही देशभरच्या दुकानांत आधी बसले ते अंगठा तपासणारे ई-पॉस यंत्र. तराजू त्या यंत्राला जोडावा म्हणून राज्यांना प्रोत्साहन देणारी नियमदुरुस्ती केंद्राने केली ती 2021 मध्ये. तोपर्यंत कितीतरी घरांची बोटे वर्षानुवर्षे तपासून झाली होती.

हा क्रम योगायोगाने लागलेला नाही असे मला वाटते. गेल्या 15 वर्षांत सरकारी कामात जे तंत्रज्ञान आले, त्यातल्या बऱ्याचशा भागाचे तोंड नागरिकाकडे आहे. घेणारा खरा आहे का, हजर आहे का, जिवंत आहे का, तिचा नवरा कोण, त्याचे उत्पन्न किती, हे प्रश्न यंत्र विचारते. देणाऱ्याने पुरते दिले का, वेळेवर दिले का, नाकारले तर का नाकारले, हे विचारणारी यंत्रे फार थोडी आहेत. आणि यंत्र चुकते तेव्हा त्या चुकीचा भुर्दंड जवळजवळ नेहमी समोर उभा असलेला माणूसच भरतो.

यंत्र किती वेळा चुकते, हे सरकारी कागदांतच आहे. 2016-17 च्या आर्थिक पाहणी अहवालात आधार पडताळणी अयशस्वी होण्याचे काही राज्यांतले अंदाज दिले होते: झारखंड 49 टक्के, राजस्थान 37 टक्के, गुजरात 6 टक्के. आधारचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालू असताना, मार्च 2018 मध्ये, आधार प्राधिकरणाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनीच सरकारी सेवांमधील पडताळणीच्या यशाचे प्रमाण 88 टक्के असल्याचे सांगितले. बँकांसाठी ते 95 होते आणि दूरसंचार कंपन्यांसाठी 97. या तीन आकड्यांकडे नीट पाहावे. सिमकार्ड घेणाऱ्याचा अंगठा जितका लागतो, तितका रेशन घेणारीचा लागत नाही. ऊसतोड करणाऱ्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या, मिठागरात उभ्या राहणाऱ्या, आयुष्यभर भांडी घासलेल्या बाईच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. म्हातारपणी त्या आणखी पुसट होतात. वर रेंज नसते, सर्व्हर डाऊन असतो. ज्याला धान्याची गरज सर्वांत जास्त, त्याच्याच बाबतीत यंत्र सर्वांत जास्त चुकते. तांत्रिक बिघाड सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही, हे ठाऊक असूनही तो जणू सारखाच येतो असे धरून नियम आखले गेले.

सप्टेंबर 2017 मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी दगावली. कुटुंबाचे रेशन कार्ड आधारशी जोडलेले नव्हते म्हणून रद्द झाले होते आणि घरात अन्न नव्हते, असे तिच्या आईने सांगितले. राज्य सरकारने भूकबळीचा आरोप नाकारला आणि मृत्यूचे कारण आजार असल्याचे म्हटले. देशभर हलकल्लोळ झाला. पुढच्याच महिन्यात, 24 ऑक्टोबर 2017 रोजी, केंद्राच्या अन्न खात्याने राज्यांना कळवले की आधार नाही किंवा अंगठा लागला नाही एवढ्यासाठी कोणाचेही धान्य अडवू नये. अशा वेळी दुसरी ओळख पाहावी, नोंदवहीत लिहावे आणि धान्य द्यावे. आदेश चांगला होता, आजही चांगला आहे.

मग तो दुकानापर्यंत का पोहोचत नाही? दुकानदाराच्या जागी उभे राहून पाहा. यंत्राबाहेर त्याने दहा किलो धान्य दिले, तर यंत्राच्या हिशेबात ते दहा किलो त्याच्याकडे शिल्लक दिसतात. बहुतेक ठिकाणी पुढचा कोटा त्या शिलकीवरून ठरतो. तपासणीला आलेला अधिकारी यंत्रावरचा आकडा प्रमाण मानतो, वहीतली शाईची नोंद त्याला संशयास्पद वाटते. नियमाने दिलेली सवलत वापरली की दुकानदारावरच बालंट येते. म्हणून प्रामाणिक दुकानदारसुद्धा म्हणतो, “अंगठा लागत नाही, उद्या या.” अप्रामाणिक दुकानदाराला तर हे वाक्य आयतेच सापडले आहे. यंत्र खरेच चालत नाही की तो चालवत नाही, हे समोरच्या बाईला कळायला मार्गच नाही.

ती परत जाते. त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते. ती आली होती, तिने बोट टेकवले होते, तिला नकार मिळाला, याचा कसलाही पुरावा तिच्या हातात नसतो. अंगठा जुळला तर पावती निघते. जुळला नाही तर पडद्यावर एक ओळ उमटते आणि जाते. महिनाअखेरीला जिल्ह्याच्या अहवालात एवढेच दिसते की तिने धान्य उचलले नाही. आणि न उचललेले धान्य म्हणजे बनावट लाभार्थी सापडला, असा अर्थ काढायला वरचे लोक उतावीळ असतात. भुकेल्या माणसाला दिलेला नकार अशा तऱ्हेने सरकारच्या बचतीत जमा होतो.

या बचतीच्या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. स्वयंपाकाच्या गॅसचे अनुदान थेट खात्यात देण्याच्या योजनेचा हिशेब महालेखापरीक्षकांनी 2016 च्या अहवालात तपासला. एप्रिल ते डिसेंबर 2014 च्या तुलनेत 2015 मधील त्याच नऊ महिन्यांत अनुदानाचा बोजा 23,316 कोटी रुपयांनी घटला होता. त्यातले ग्राहकांनी अनुदानित सिलिंडर कमी घेतल्यामुळे घटले ते 1,764 कोटी. उरलेले 21,552 कोटी खनिज तेलाचे भाव कोसळल्यामुळे वाचले. घट खरी होती, पण तिचे श्रेय भलत्याला दिले गेले. आणि तेच श्रेय पुढे प्रत्येक नव्या योजनेत यंत्र सक्तीचे करण्यासाठी दाखवले गेले.

रोजगार हमीची गोष्ट महाराष्ट्राने विशेष लक्ष देऊन ऐकावी अशी आहे, कारण ही कल्पनाच इथली. वि. स. पागे यांच्या आग्रहातून योजना उभी राहिली, 1977 मध्ये महाराष्ट्राने कायदा केला, आणि 2005 मध्ये देशाने तो धागा उचलला. त्या केंद्रीय योजनेत मे 2021 मध्ये हजेरीचे मोबाइल ॲप आले. मे 2022 पासून वीस किंवा अधिक मजूर असलेल्या कामांवर आणि 1 जानेवारी 2023 पासून वैयक्तिक लाभाची कामे सोडून सर्व कामांवर ते सक्तीचे झाले. मेटने, म्हणजे कामावरच्या मुकादमाने, सकाळी एकदा आणि दुपारनंतर एकदा मजुरांचा फोटो काढून चढवायचा. आता हे काम मापावर चालते. जितकी माती खणली तितकी मजुरी. उन्हाळ्यात माणसे पहाटे येतात, ऊन चढायच्या आत खड्डा पुरा करून घरी जातात. ॲप आल्यावर काम संपवून गेलेल्या बाईला दुसऱ्या फोटोसाठी भर दुपारी पुन्हा साइटवर यावे लागले. रेंज मिळाली नाही आणि फोटो चढला नाही, तर अंगमेहनत होऊनही हजेरी नाही. याविरुद्ध 2023 मध्ये मजूर दिल्लीत जंतरमंतरवर दीर्घकाळ धरणे धरून बसले. त्यांचे म्हणणे साधे होते: खड्डा मोजा, आमचा चेहरा कशाला मोजता?

आणि एवढे करून चोरी थांबली का? जुलै 2025 मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच परिपत्रक काढून ॲपच्या गैरवापराचे प्रकार नोंदवले. असंबद्ध फोटो चढवले जातात. फोटोचाच फोटो काढून टाकला जातो. फोटोतली माणसे आणि मस्टरवरची संख्या जुळत नाही. बायकांच्या नावांवर पुरुष उभे दिसतात. तीच माणसे अनेक मस्टरवर आढळतात. यावर मंत्रालयाचा उपाय असा: ग्रामपंचायत पातळीवर प्रत्येक फोटो माणसाने डोळ्यांनी पाहून तपासावा, तालुका, जिल्हा आणि राज्य पातळीवर नमुना तपासणी व्हावी. म्हणजे माणसाच्या नोंदीवर विश्वास नाही म्हणून ॲप आणले, आणि ॲपवर विश्वास नाही म्हणून पुन्हा माणूस बसवला. मधल्या चार वर्षांत ज्यांची मजुरी फोटोवाचून बुडाली त्यांचे काय, याचा त्या परिपत्रकात विचार नाही. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत जास्त टोचते ते हेच. धोरण चुकले असे लक्षात येते, दुरुस्तीही होते, पण ज्याचे नुकसान झाले त्याच्याकडे कोणी मागे वळून पाहत नाही.

अंगणवाडीतही तेच घडले. 2021 मध्ये राज्यातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट मोबाइल परत केले. ॲप इंग्रजीत होते, फोन तापत होते, आणि पोरांचे वजन करण्याचा वेळ माहिती भरण्यात जात होता. आज घरी न्यायच्या आहारासाठी लाभार्थी मातेचा चेहरा ओळखण्याची सक्ती आली आहे. जिला सेविका नावाने, घराने, माहेरासकट ओळखते, तिची ओळख फोनला पटवून द्यायची.

बायकांसाठीच्या लाडकी बहीण योजनेचे उदाहरण देताना मला एका आक्षेपाला सामोरे जायला हवे, कारण तो बिनबुडाचा नाही. या योजनेत सुमारे 14 हजार पुरुषांनी पैसे उचलल्याचे 2025 मध्ये बाहेर आले. मग कडक पडताळणी नको का? हवी. पण 2024 मध्ये अर्ज भरतानाच आधार सक्तीचे होते, पैसेही आधारशी जोडलेल्या खात्यातच जात होते, आणि अर्जदार स्त्री की पुरुष हे आधारवर लिहिलेले असते. यंत्राकडे माहिती होती. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती आणि छाननीची घाई किंवा इच्छा कोणाला नव्हती. ही राज्यकर्त्यांची चूक होती. तिचे प्रायश्चित्त सप्टेंबर 2025 मध्ये बायकांना सांगितले गेले: दोन महिन्यांत ई-केवायसी करा, स्वतःचे आधार द्या आणि नवऱ्याचे किंवा वडिलांचेही. विधवेने कोणाचे द्यावे? जिचा बाप वारला आहे, नवऱ्याने टाकले आहे, तिने ओटीपी कोणाच्या फोनवर मागवावा? त्याच सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने घरेदारे, कागदपत्रे वाहून गेली होती. ओरड झाल्यावर 18 नोव्हेंबरची मुदत 31 डिसेंबर झाली. पण विधवेचा हा प्रश्न आदेश लिहिताना कोणाच्याही मनात आला नाही, यातच सारे आले. महाराष्ट्रात विधवा आणि परित्यक्ता किती आहेत हे ठाऊक असायला संगणक लागत नाही. बायकांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या कुठल्याही कार्यकर्तीला आधी विचारले असते तर तिने पाच मिनिटांत सांगितले असते.

इथे कोणी म्हणेल, मग जुनेच बरे होते का? मुळीच नाही. तलाठ्याच्या मर्जीवर सातबारा मिळत होता तो काळ ज्यांनी सोसला, ते त्या काळाबद्दल हळवे होणार नाहीत. आज डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या काढता येतो, ही मोठी सोय आहे आणि तिच्यामुळे कितीतरी लोकांच्या चकरा वाचल्या. पण ती सोय का झाली ते पाहावे. तिथे यंत्राने सरकारचे दप्तर शेतकऱ्यापुढे उघडले. पूर्वी जे बंद कपाटात होते ते ज्याचे त्याला दिसू लागले.

छत्तीसगडने 2004 नंतर रेशन सुधारले तेही याच दिशेने. दुकाने खासगी व्यापाऱ्यांकडून काढून पंचायती, सहकारी संस्था आणि बचत गटांकडे दिली. गोदामातून माल निघाला की गावातल्या लोकांना मोबाइलवर संदेश जाऊ लागला, धान्याचे ट्रक लांबून ओळखू यावेत म्हणून पिवळे रंगवले. द्रेझ आणि खेरा यांच्या अंदाजानुसार 2004-05 मध्ये निम्म्याच्या आसपास असलेली गळती 2009-10 पर्यंत दहा टक्क्यांच्या आसपास आली. यात एकाही बाईचा अंगठा घेतला गेला नव्हता. राजस्थानने 2019 मध्ये जन सूचना पोर्टल सुरू केले, त्यामागे तिथल्या मजूर-किसान संघटनेने 1994 पासून भरवलेल्या जनसुनवाया होत्या. गावासमोर मस्टर मोठ्याने वाचायचे आणि मेलेल्या माणसाच्या नावावर मजुरी निघाली की गावानेच बोट ठेवायचे. संगणकाने ते वाचन प्रत्येक गावात पोहोचवले. याउलट झारखंडमध्ये कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी अंगठ्याच्या सक्तीचा प्रयोगाने अभ्यास केला. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार नुसत्या सक्तीने गळती लक्षणीय घटली नाही. लाभार्थ्यांचा त्रास आणि खर्च मात्र वाढला.

यंत्र खरे आणि माणूस खोटा, असे आधीच ठरवून टाकले की काय होते, हे ब्रिटनच्या टपाल कंपनीने जगाला दाखवले आहे. तिथल्या ‘होरायझन’ या हिशेबाच्या संगणकप्रणालीत दोष होते. पण गल्ल्यात तूट दिसली की छोटी टपाल कार्यालये चालवणाऱ्यांवर चोरीचे खटले भरले गेले. 1999 ते 2015 या काळात नऊशेहून अधिक माणसे दोषी ठरली. काहीजण तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. संगणक बरोबर चालतो असे कायद्याचे गृहीतक होते आणि तो चुकला हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर येत होती. प्रणालीची आतली माहिती मात्र टपाल कंपनी आणि तिच्या पुरवठादाराकडे. 2019 च्या निकालाने सत्य बाहेर आले, सरसकट दोषमुक्तीचा कायदा व्हायला 2024 उजाडले. ती माणसे लिहिणारी-वाचणारी, दुकान सांभाळणारी, वकील लावू शकणारी होती. त्यांना वीस वर्षे लागली. नंदुरबारमधल्या अक्कलकुव्याच्या डोंगरातली बाई यंत्राविरुद्ध कुठे दाद मागणार? देशातले पहिले आधार 29 सप्टेंबर 2010 रोजी त्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिले गेले, म्हणून तर हा प्रश्न महाराष्ट्राने विचारायला हवा.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी एक महत्त्वाचे पाऊल उचलले. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन याचिकाकर्त्यांचे म्हणणे होते की बँकेच्या किंवा फोनच्या ई-केवायसीत कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवायला सांगतात आणि आम्हाला ते जमत नाही. न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणे हा घटनेच्या 21 व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि पर्यायी पद्धती देण्याचे निर्देश दिले. डोळे मिचकवता न येणाऱ्या माणसाला जिवंतपणाचा पुरावा देण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयात जावे लागावे, याची आपल्याला लाज वाटली पाहिजे.

माझी मागणी अगदी लहान आहे, पण तिच्यावर मी ठाम आहे. यंत्राने नाकारले की पावती निघाली पाहिजे. तीवर तारीख, वेळ, नाकारण्याचे कारण मराठीत, आणि दाद कोणाकडे मागायची त्या अधिकाऱ्याचे पद व पत्ता. माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्यात अर्ज फेटाळताना कारणे आणि अपिलाची माहिती लेखी द्यावीच लागते. कागद नाकारताना जर लेखी कारण द्यावे लागते, तर धान्य नाकारताना का नको? अन्न सुरक्षा कायदा 2013 चे आठवे कलम सांगते की हक्काचे धान्य दिले नाही तर राज्याने अन्न सुरक्षा भत्ता द्यावा. नकाराचा पुरावाच नसेल तर तो मागणार कसा? पोचपावतीचे मोल रोजगार हमीच्या मजुरांना विचारावे. कामाची मागणी केल्याची तारखेची पोच हातात असेल तरच पंधरा दिवसांत काम न मिळाल्याचा भत्ता मागता येतो. म्हणूनच ती पोच मिळवण्यासाठी ग्रामपंचायतीच्या दारात त्यांना भांडावे लागले.

माहिती नाही, हे कारण चालणार नाही. प्रत्येक अयशस्वी पडताळणीची नोंद आधारच्या व्यवस्थेत होते. स्वतःच्या पडताळण्यांचा इतिहास संकेतस्थळावर पाहताही येतो, पण त्यासाठी नोंदवलेला मोबाइल आणि ओटीपी हवा, जे या बाईकडे बहुधा नसते. तीच नोंद दुकानात कागदावर छापून तिच्या हातात द्यायची आहे. पावत्या साचू लागल्या की तहसीलदाराला कळेल की कुठल्या गावात यंत्र चालत नाही, कुठल्या दुकानात ते मुद्दाम चालत नाही, आणि कुठल्या वस्तीतल्या बायकांची बोटे इतकी झिजली आहेत की त्यांच्याकडून अंगठा मागणे थांबवले पाहिजे. तीन पावत्या झाल्या की त्या कुटुंबाला ठशाच्या अटीतून कायमची सूट द्यावी आणि दुकानदाराच्या कोट्यात तेवढे धान्य बिनतक्रार धरावे. भत्त्याचा खर्च अन्न खात्याच्या तिजोरीतून जाऊ लागला की सर्व्हर किती दिवस बंद राहतो, याची चौकशी मंत्रालयातूनच सुरू होईल.

अधिकारी म्हणतील की लोक मुद्दाम चुकीचे बोट टेकवून पावत्या गोळा करतील. करू देत कोणी दोन-चार. पाच किलो तांदळासाठी दिवसाची मजुरी बुडवून तीनदा रांगेत उभी राहणारी बाई लबाडी करते आहे असे ज्यांना आधी सुचते, त्यांनी एक महिना त्या रांगेशेजारी बसून काढावा आणि मग नियम लिहायला घ्यावेत.